टपावरचा रंग पापुद्र्यांनी सुटतोय, बाबांची गाडी रंगवायची आहे. गणपतीआधी करू की थांबू?

मालगुंडकर (११ जुलै)

नमस्कार मंडळी. गाडी २०१० ची आहे, छोटी हॅचबॅक, सिल्व्हर मेटॅलिक. बाबांनी रिटायर झाल्यावर घेतली होती, आजवर चाललीय फक्त ६१ हजार, इंजिन खणखणीत आहे, आठवडाभर उभी असली तरी पहिल्या चावीला सुरू होते. बाबा मागच्या मार्गशीर्षात गेले. गाडी विकायची नाही हे आईने सांगून टाकलंय, आणि माझंही तेच मत आहे, त्यामुळे "एवढ्या जुन्या गाडीवर खर्च कशाला" हा सल्ला कृपया देऊ नका, तो घरचे पाहुणे रोज देतायत.

प्रॉब्लेम रंगाचा आहे. घर समुद्रापासून पाऊण किलोमीटरवर, गाडी इतकी वर्षं अंगणात, अर्धी आंब्याखाली अर्धी उन्हात. चारेक वर्षांपूर्वी टपावर पांढुरके डाग आले, बाबा म्हणायचे आंब्याचा चीक आहे, जाईल घासून. गेला नाही. मग डागांच्या कडा उचलल्या आणि आता नखाने ओढलं की पापुद्रा निघतो, कांद्याच्या सालीसारखा, उन्हाकडे धरला तर आरपार दिसतं. त्याच्याखालचा सिल्व्हर खडूसारखा कोरडा झालाय, बोट फिरवलं की बोटाला चंदेरी भुकटी लागते. टप जवळजवळ अर्धा गेलाय, बॉनेटचा पुढचा भाग गेलाय, डिकीवर सुरुवात आहे. दरवाजे मात्र चारही चांगले आहेत, धुतले की अजून चमकतात.

तालुक्याच्या एका गॅरेजवाल्याने पूर्ण बॉडी २२ हजारात सांगितलीय, चार दिवसात गाडी देतो म्हणाला, गणपतीला नवीन कोरी गाडी दारात. आईचं मन तिथेच अडकलंय. मला ते 'चार दिवसात' हेच खटकतंय. जाणकारांनी सांगा.

रविवारचा_ड्रायव्हर (११ जुलै)

रंगवायच्या आधी एकदा रबिंग पॉलिश मारून बघा ना. माझ्या लाल गाडीचा रंग पार गुलाबी पडला होता, मशीनने रबिंग केलं आणि आतून लालभडक रंग वर आला, हजार रुपयात काम. उगाच २२ हजार कशाला घालवता.

उद्यमनगर_पेंटर (१२ जुलै)

रविवारचे दादा, तुमचं बरोबर आहे पण ती गोष्टच वेगळी. तुमचा लाल सिंगल स्टेज असणार, म्हणजे रंग आणि चमक एकाच थरात. तो उन्हाने वरून मेला की खडू सुटतो, वरचा मेलेला थर घासून काढला की खालचा जिवंत रंग दिसतो. ओळखायचं कसं, पांढऱ्या फडक्याला थोडं पॉलिश लावून घासा, फडक्याला गाडीचा रंग आला तर सिंगल स्टेज. मालगुंडकरांची गाडी मेटॅलिक, म्हणजे खाली बेस कोट आणि वर पारदर्शक क्लिअर कोट, ज्याला आमच्यात बरेच जण अजून लॅकर म्हणतात. त्यांचा क्लिअरच सुटलाय. जिथं क्लिअर उरलाच नाही तिथं पॉलिश कशाला करणार? उलट मशीन लावली की उचललेली कड अजून फाटत जाते आणि मधला सिल्व्हर उडून प्राइमर दिसतो.

आता जरा सविस्तर लिहितो, २६ वर्षं हेच काम करतोय, कोल्हापुरात.

कंपनीतून येणाऱ्या गाडीवर चार थर असतात. पत्रा आधी फॉस्फेटच्या पाण्यात बुडवतात, मग अख्खी बॉडी विजेच्या टाकीत बुडवून ईडी प्राइमर बसवतात, तो पार आतल्या पोकळीत जातो, त्यावर प्राइमर सरफेसर, मग बेस, मग क्लिअर. सगळं मिळून १०० ते १४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसाला केस जोडून दोन केस धरा. त्यातला क्लिअर साधारण ४० मायक्रॉन. हा ४० मायक्रॉन सगळं ऊन खातो. टप, बॉनेट, डिकी आडवे असतात, ऊन डोक्यावरून सरळ पडतं, पाणी साचून सुकतं, पक्ष्याची घाण, चीक, सगळं तिथंच. दरवाजे उभे म्हणून वाचले. तुमच्या गाडीचं अगदी हेच झालंय, यात काही नवल नाही.

एकदा क्लिअर बेसवरून सुटला की त्याच्यावर काहीही मारा, टिकत नाही. चार दिवसवाला काय करतो सांगू का, उचललेलं तेवढं खरवडतो, कडेला पेपर मारतो, वरून रंग आणि क्लिअर मारून मोकळा. दिवाळीपर्यंत छान दिसतं. मग जुन्या क्लिअरची कड नव्या रंगाखालून परत उचलते, आणि या वेळी नवा रंग घेऊन उचलते. जो क्लिअर आज घट्ट दिसतोय त्याचीही खालची पकड ढिली झालेली असते. म्हणून टप अख्खा उतरवायचा, बॉनेट अख्खं, डिकी अख्खी. क्लिअर पूर्ण निघून एकसारखा मॅट दिसला पाहिजे, बोटाला कुठंही पायरी लागता कामा नये. डोळे मिटून तळहात फिरवा, डोळ्याला दिसत नाही ते हाताला कळतं.

आणि चांगले दरवाजे रंगवायची गरजच काय? कंपनीचा रंग भट्टीत १४० डिग्रीला भाजलेला असतो, आमच्या बूथमध्ये, म्हणजे रंग मारायच्या बंद खोलीत, ६० डिग्री मिळतं, आणि ज्याच्याकडे बूथ नाही तो उन्हात सुकवतो. कंपनीचा जिवंत रंग उतरवून आमचा मारायचा हे मला पटत नाही. पूर्ण बॉडी करण्यात पेंटरला मॅचिंगची कटकट नाही, म्हणून तो पूर्ण बॉडी सांगतो.

वर्धा_रोड (१२ जुलै)

भाऊ आमच्या नागपूरच्या उन्हात तर हे घरोघरी आहे. मे महिन्यात ४५ च्या वर पारा, दुपारी बॉनेटला हात लावता येत नाही. माझ्या काकांनी प्लास्टिकचं कव्हर आणलं, गाडी वाचेल म्हणून. त्याने अजून वाट लागली, कारण आत दमटपणा कोंडतो, आणि वाऱ्याने कव्हर हललं की धूळ रंगावर घासत राहते, रोज बारीक पॉलिश पेपर मारल्यासारखं. साधं शेड टाका हो, चार खांब आणि वर पत्रा, रंगापेक्षा स्वस्त पडतं आणि पुढचा रंगही वाचतो.

बाकी पेंटर दादांना एक विचारायचं होतं, हे ड्यूको ड्यूको म्हणतात ते नक्की काय? आमच्याइथे पेंटर म्हणतो मी ड्यूको मारतो, फर्निचरवाला पण तेच म्हणतो.

उद्यमनगर_पेंटर (१२ जुलै)

ड्यूको हे मूळ ड्युपाँट कंपनीच्या रंगाचं नाव. १९२० च्या दशकात आला, नायट्रोसेल्युलोज लॅकर. त्याच्या आधी गाडीचा रंग थरावर थर देऊन पूर्ण सुकायला कित्येक दिवस, कधी आठवडे जायचे, ड्यूकोने ते काम तासांवर आणलं. तो रंग केव्हाच मागे पडला पण नाव आपल्या गॅरेजात राहिलं, गनने मारला की झाला ड्यूको. आता गाडीला मारायचा तो टूके, म्हणजे रंग वेगळा आणि हार्डनर वेगळा, दोन्ही मिसळले की आतून रासायनिक घट्ट होतो, नुसता थिनर उडून सुकत नाही. गॅरेजवाल्याला सरळ विचारा, क्लिअर टूके पीयू (पॉलियुरेथेन) आहे का, आणि डबे माझ्यासमोर उघडणार का. ज्याच्यात हार्डनर नाही असा स्वस्त क्लिअर मारला तर पेट्रोलचा एक थेंब सांडला तरी डाग पडतो, आणि कोकणातल्या उन्हात दोन वर्षंसुद्धा धरणार नाही.

मालगुंडकर (१४ जुलै)

पेंटर दादा, एवढं मनापासून लिहिलंत, खूप आभार. आईला वाचून दाखवलं. गणपतीआधीचा हट्ट तिने सोडला.

पण आज एक नवीन बघितलं. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर तीनचार फुगे होते, हरभऱ्याएवढे, मला वाटलं रंगच फुगलाय. स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकंसं टेकवलं तर फुगा फुटला आणि आतून चहासारखं तपकिरी पाणी आलं, टोक आत गेलं ते गेलंच, पत्राच नाही तिथे. मग सगळीकडे टकटक करत बसलो. उजव्या कमानीला एक फुगा, आणि ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खालच्या कडेला आतल्या बाजूने गंज. दरवाजा जोरात लावला की आत पाणी खळखळतं. बाबा असते तर त्यांना फार लागलं असतं, दर रविवारी स्वतः धुवायचे गाडी.

उद्यमनगर_पेंटर (१४ जुलै)

वाईट वाटून घेऊ नका, बाहेरून धुऊन हे थांबत नसतं, हे आतून येतं.

दरवाज्याच्या खालच्या कडेला भोकं असतात, लांबट, दोन किंवा तीन. काचेच्या रबरातून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडायला ठेवलेली असतात. जांभ्याची लाल माती आणि आंब्याचा बारीक कचरा तिथं जाऊन बूच बसतो. आजच एक प्लास्टिकची केबल टाय घ्या आणि भोकं मोकळी करा, तारेने करू नका, आतला रंग खरवडतो. खळखळ बंद होईल. दरवाज्याखालच्या पट्टीलाही अशीच भोकं आहेत, रबराची बुचं असतात, ती पण बघा.

कमानीचं म्हणाल तर जिथं स्क्रूड्रायव्हर आत गेला तिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून चालणार नाही. हे लई महत्त्वाचं आहे म्हणून परत लिहितो, भोकावर लांबी भरू देऊ नका. पेंटर जाळी लावतो, वर फायबरची लांबी, वर साधी लांबी, घासून गोल करतो, बघणाऱ्याला कळत नाही. मागून पाणी येतच राहतं आणि एका पावसाळ्यात अख्खा गोळा सुटून पडतो. गंज जिथं संपतो त्याच्या बोटभर पुढे चांगला चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापायचं, त्याच जाडीच्या पत्र्याचा तुकडा बनवून सीओटू वेल्डिंगने बसवायचा. गॅस वेल्डिंगने बारीक पत्रा तापून लाटा पडतात, मग त्या लाटा झाकायला परत लांबीच येते. वेल्डिंग झाल्यावर आतल्या बाजूने पण प्राइमर आणि नंतर कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं गंजरोधक मेण, गेलं पाहिजे, नाहीतर आतून उघडा पत्रा राहिला आणि पुन्हा तेच.

आता समुद्राच्या गाडीची खास गोष्ट. गंजाच्या खड्ड्यात मीठ बसलेलं असतं, डोळ्याला दिसत नाही. पत्रा घासून चकचकीत केला तरी खड्ड्यात मीठ राहतं, आणि त्यावर रंग चढवला की ते मीठ रंगाच्या आरपार ओलावा ओढून घेतं. सहा महिन्यांत त्याच जागी फुगा. म्हणून घासायचं, गोड्या पाण्याने स्वच्छ धुवायचं, लगेच हॉट एअर गनने कोरडं करायचं, परत घासायचं. दोनतीनदा. मग त्याच तासात एपॉक्सी प्राइमर. पत्रा उघडा ठेवून जेवायला गेलात तरी कोकणच्या हवेत लालसर झाक येते.

लांबी लागेल ती एपॉक्सीच्या वर, पातळ, दोनतीन मिलिमीटरच्या आत. आणि लांबी कोरडीच घासायची. आपल्याकडे सर्रास पाणीपेपर मारतात, धूळ उडत नाही म्हणून. पण लांबी स्पंजासारखी असते, पाणी पिते, आणि ते पाणी वरच्या रंगाने कोंडून टाकलं की एक दिवस बाहेर यायची वाट शोधतंच. पावसाळ्यात जास्त, कारण हवेतच ओल आहे, लांबी सुकत नाही. गणपतीआधी नकोच म्हणतो ते याच्यासाठी. कॉम्प्रेसरच्या टाकीतून पावसाळ्यात सकाळी कॉक उघडला की तांब्याभर पाणी निघतं, ते हवेबरोबर गनमधून रंगात जातं. ज्याच्याकडे एअर ड्रायर आणि चांगला बूथ आहे तो बारा महिने काम करू शकतो, पण उघड्या शेडमधल्याला तुमची गाडी नोव्हेंबरनंतरच द्या.

क्लेमवाली (१५ जुलै)

मी इन्शुरन्सचं काम बघते म्हणून दोन गोष्टी सांगते, कारण कुणीतरी तुम्हाला "क्लेममध्ये बसवून देतो" म्हणणारच आहे. ऊन, जुनेपणा, गंज याने गेलेला रंग पॉलिसीत येत नाही. खोटा ओरखडा दाखवून क्लेम टाकणं म्हणजे फसवणूक, वर नो क्लेम बोनस जातो तो वेगळाच. खरा अपघात झाला तर पेंटिंगचा हिशोब असा असतो की साध्या पॉलिसीत एकूण पेंटिंग बिलाचा पाव भाग मटेरियल धरतात आणि त्यावर ५० टक्के घसारा. म्हणजे २०,००० बिल असेल तर ५,००० मटेरियल, त्यातले २,५०० तुमच्या खिशातून.

दुसरं जास्त महत्त्वाचं. गाडी २०१० ची, म्हणजे आरसीची १५ वर्षं संपत आलीत. पुढे ५ वर्षांचं रिन्युअल करायला गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. त्यामुळे खर्चाचा क्रम आधी पत्रा, खालची बॉडी, ब्रेक, लाईट, मग रंग. आणि रंग तोच ठेवणार असाल तर काही कागद करावे लागत नाहीत, पण सिल्व्हरचा पांढरा केलात तर आरसीवर रंग बदलून घ्यावा लागतो, परवानगी आधी, रंग नंतर. खूप जण हे विसरतात आणि मग नाक्यावर किंवा क्लेमच्या वेळी अडकतात.

ओंटारिओत_घर (१६ जुलै)

इथे कॅनडात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे पेंटर दादांचं एकेक वाक्य पटलं. इथे जाणती माणसं दर हिवाळ्याआधी गाडीच्या पोटात आणि दरवाज्यांच्या पोकळीत गंजरोधक तेल फवारून घेतात. दिसायला घाण, थेंब थेंब गळतं दोन दिवस, पण काम करतं. मालगुंडकर, तुमच्याकडे पावसाळा हाच हिवाळा समजा. मृगाच्या आधी पोकळ्यांत वॅक्स मारून घ्यायचं दर वर्षी, आणि पावसाळा संपला की गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुऊन काढायचं. माझ्या वडिलांची गाडी देवगडला होती, तिला हे कुणी केलं नाही, सात वर्षांत तळ गेला.

मालगुंडकर (२ डिसेंबर)

मंडळी, काम झालं. उशिरा लिहितोय पण सगळं लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

गाडी कोल्हापूरला नेली नाही, पेंटर दादांनीच नको म्हटलं, म्हणाले जवळचा माणूस बघा ज्याच्याकडे रोज जाऊन उभं राहता येईल. रत्नागिरीत एक मिळाला, वय तिशीतलं, छोटा बूथ, हीटर आहे. त्याला पहिल्या दिवशीच सांगितलं की प्राइमर मारायच्या आधी मला फोन करायचा, मी आल्याशिवाय झाकायचं नाही. त्याला राग आला नाही, उलट म्हणाला असं गिऱ्हाईक मिळत नाही, सगळे शेवटच्या दिवशी येतात आणि चमक बघून जातात.

एकूण १९ दिवस लागले. त्यातले प्रत्यक्ष रंग मारायचे किती? एक दिवस. दुपारी बेस, संध्याकाळी क्लिअर. बाकी अठरा दिवस पत्रा, घासणं, सुकवणं, परत घासणं. टप उतरवताना मी स्वतः दोन दिवस बसलो त्याच्याबरोबर. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरू करू नका म्हणाला, खोल रेघा पडतात आणि मेटॅलिकमध्ये त्या महिन्याभराने वर दिसतात. १८० ने क्लिअर काढला, मग ३२०, प्राइमर, मग ६०० आणि ८००. टपाच्या दोन्ही बाजूंची काळी रबरी पट्टी उपटली तर खाली गटारात गंजाची रेघ, पार मागपर्यंत. पट्टी न काढता टेप लावून मारला असता तर ती तशीच राहिली असती. पुढच्या काचेचं रबरही काढलं.

डावी कमान कापली तेव्हा आतून ओंजळभर लाल माती निघाली, आमच्याच अंगणातली. ती मी कागदात बांधून घेऊन आलो, का ते सांगता येणार नाही.

खर्च ४१ हजार. पत्रा आणि वेल्डिंग ९, बाकी मटेरियल आणि मजुरी. दोन्ही कमानी नव्या तुकड्यांनी केल्या. टप, बॉनेट, डिकी, मागचे दोन्ही फेंडर आणि ड्रायव्हरच्या दरवाज्याचा खालचा भाग रंगवला, पुढचे फेंडर आणि दरवाजे फक्त ब्लेंड.

रविवारचा_ड्रायव्हर (२ डिसेंबर)

अभिनंदन! ते ब्लेंड म्हणजे काय केलं जरा सांगा. सिल्व्हर मॅच होत नाही असं सगळे म्हणतात, मलाही एक दरवाजा करायचाय आणि त्याचीच भीती वाटते.

उद्यमनगर_पेंटर (३ डिसेंबर)

मालगुंडकर, फोटो बघितले, कमानीचं काम सुंदर झालंय, त्या पोराला माझा नमस्कार सांगा.

रविवारचे दादा, सिल्व्हर सगळ्यात अवघड, काळ्यापांढऱ्यापेक्षा लई अवघड, कारण त्यात ॲल्युमिनियमचे बारीक चुरे असतात आणि ते कसे आडवे पडले त्यावर शेड ठरते. एकाच डब्यातला रंग, गन लांब धरून कोरडा मारला तर उजळ दिसतो, जवळून ओला मारला तर गडद. कलर कोड गाडीवर स्टिकरला असतो, पण एकाच कोडचे पण दोनचार प्रकार निघतात, आणि तुमचा रंग इतकी वर्षं उन्हात आहे. म्हणून आधी पत्र्याच्या तुकड्यावर नमुना मारायचा, क्लिअरसकट, आणि उन्हात गाडीला लावून बघायचं, ट्यूबलाईटखाली नाही. सरळ बघा, मग तिरकं बघा.

तरी थोडा फरक राहतोच. मग नवा बेस शेजारच्या पॅनलवर थोडा पुढे नेऊन विरळ करत सोडायचा, आणि क्लिअर त्या अख्ख्या पॅनलला मारायचा, शेवटच्या कडेपर्यंत. क्लिअर मध्येच सोडून थिनरने कड विरवली की वर्षादोन वर्षांत तिथं रेघ दिसते आणि तिथूनच पापुद्रा सुरू होतो. डोळ्याला फरक कळतो तो सांध्यावर, सांधाच पुसला की कळत नाही. बंपर प्लास्टिकचा असतो, त्याला वेगळा प्राइमर लागतो, आणि तो कंपनीतूनसुद्धा किंचित वेगळा दिसतो, त्याच्या मागे लागू नका.

आणि जे कुणी हे वाचून घरी क्लिअर मारायला निघतील त्यांना हात जोडून सांगतो. टूकेच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याला वास फारसा नाही, कळत नाही. ते फुप्फुसात गेलं की एखाद्याला कायमचा दमा लागतो, आणि एकदा अंगाला बाधलं की पुढे थोडंसं सुद्धा सहन होत नाही. माझे उस्ताद तोंडाला रुमाल बांधून तीस वर्षं गन चालवायचे. शेवटी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे, आत यायचे नाहीत, खोकला सुरू व्हायचा. रुमालाने काही होत नाही, कापडी मास्कने काही होत नाही. आम्ही आता बाहेरून ताजी हवा देणारा मास्क वापरतो, हातमोजे आणि पूर्ण सूट. घासायचं काम घरी करा, प्राइमरपर्यंत काहीजण करतात तेही समजू शकतो, पण क्लिअर ज्याच्याकडे ही सोय आहे त्यालाच मारू द्या. आणि गिऱ्हाईक म्हणून गाडी द्यायला जाल तेव्हा बघा त्या पोरांच्या तोंडाला काय आहे. रुमाल असेल तर मालकाला विचारा. तुम्ही विचाराल तेव्हाच तो मास्क आणेल, आम्ही पेंटर एकमेकांना कितीही सांगितलं तरी होत नाही.

मालगुंडकर (३ डिसेंबर)

दादा, हे वाचून आज मुद्दाम त्याच्याकडे जाऊन आलो. त्याच्याकडे हाफ फेस मास्क आहे काडतुसांचा, म्हणजे हवा गाळणाऱ्या डब्यांचा, काडतूस शेवटचं कधी बदललं ते त्याला आठवेना. तुमचा हा मजकूर त्याला वाचायला दिला. दोनदा वाचला त्याने. ताज्या हवेच्या मास्कची किंमत विचारत होता, तुम्ही कुठून घेतलात ते मला मेसेज करा, मी त्याच्यापर्यंत पोचवतो.

क्लेमवाली (४ डिसेंबर)

हे छान केलंत. एक विचारायचं राहिलं, आता वॅक्स, कोटिंग वगैरे लगेच करायचं का? शोरूमवाले रंग झाल्या झाल्या गळ्यात मारतात.

उद्यमनगर_पेंटर (४ डिसेंबर)

नाही ताई, महिना दीड महिना थांबायचं. भट्टीत न भाजलेला रंग आतून थिनर सोडत असतो, त्याला श्वास घेऊ द्या. तोवर नुसतं साधं पाणी आणि मऊ कापड. चीक किंवा पक्ष्याची घाण पडली तर मात्र त्याच दिवशी ओलं फडकं ठेवून, भिजवून, उचलायची, रगडायची नाही.

मालगुंडकर (२१ सप्टेंबर, पुढचं वर्ष)

एक पावसाळा पूर्ण होत आला, सांगितलं होतं तसं लिहायला आलो.

आंब्याखालून गाडी काढली, घराच्या मागे चार जांभ्याचे खांब आणि वर पत्रा टाकला, वर्धा रोड भाऊंचं ऐकून. मेमध्ये पोकळ्यांत वॅक्स मारून घेतलं. आरसीचं रिन्युअल झालं, ५ वर्षांचं. तपासणीला इन्स्पेक्टरने खाली वाकून कमानी बघितल्या, बोटाने ठोकल्या, पुढे गेला.

टप आज सकाळी नीट बघितला, खुर्चीवर चढून. पाणी मोत्यासारखं गोळा होऊन घरंगळतं, कुठे पांढुरका डाग नाही, कड नाही. बॉनेट चांगलं. ड्रायव्हरचा दरवाजा हलवला, आत पाणी नाही, भोकं मी दर पंधरा दिवसांनी साफ करतो. आईला गणपतीत चार गावं फिरवून आणली, ती पुढच्या सीटवर बसली की हाताने डॅशबोर्ड पुसत राहते.

पण उजव्या मागच्या कमानीला, आतल्या वळलेल्या कडेवर, जिथे चाकाने उडवलेला चिखल बसतो, तिथे एक फुगा आलाय. मोहरीएवढा. डाव्या बाजूचा तुकडा पूर्ण नवा होता, उजवीकडे गंज कमी म्हणून आतली कड आम्ही नुसती घासून ठेवली होती, कापली नव्हती. पेंटर दादा, तुम्ही बोटभर पुढे कापा म्हणाला होतात, आणि आम्ही त्या एका ठिकाणी अर्ध्या बोटावर थांबलो. रत्नागिरीच्या पोराला फोटो पाठवला, त्याने लगेच फोन केला, म्हणाला दसरा होऊन हवा कोरडी पडू दे, ती कड कापूनच टाकू, मजुरी घेणार नाही. तोवर मी फुगा फोडून, धुऊन, सुकवून एपॉक्सीचा हात मारून ठेवलाय. उघडल्यावर आत काय निघतं त्याचे फोटो टाकतो.